गावच्या मशिदीचा कट्टा ठेवावा की पाडावा?

कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी असलेल्या आमच्या गावात मुसलमानांची तेवीस घरे आणि एकच मशीद आहे. पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर मंगलोरी कौले असे तिचे साधे रूप आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी आत शिरले, आणि मेहराबाची (नमाजची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची) पश्चिमेकडील भिंत तेव्हापासून पोट काढून उभी आहे. आता नवे बांधकाम करण्याला पर्याय नाही, याबद्दल जमातीत, म्हणजे मशिदीच्या मुसलमान मंडळींत, कोणाचेही दुमत नाही. मतभेद आहे तो आराखड्याबद्दल. नव्या आराखड्यात स्लॅब आहे, दोन मिनार आहेत आणि सभोवार सहा फूट उंचीची भिंत आहे. त्या भिंतीच्या ओळीत रस्त्याकडेचा जुना दगडी कट्टा आणि कट्ट्याला लागून असलेला नळ, असे दोन्ही जातात.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून जमातीच्या वर्गणीची वही गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. या कट्ट्यावर काय चालते ते सांगतो. सायंकाळी मगरिबच्या सुमारास पाच-सहा बाया कडेवर मूल घेऊन तेथे येऊन थांबतात. त्यांत मराठा असतात, धनगर असतात, बौद्ध वस्तीतल्या असतात, आणि आमच्या घरच्या तर असतातच. कोणाचे मूल रात्री दचकून उठते, कोणाचे दूध ओढत नाही. नमाज संपली की इमामसाहेब दारात येतात, ओठांतल्या ओठांत काही पढतात आणि मुलाच्या कपाळावर फुंकर घालतात. एखादीने तांब्यात पाणी आणलेले असते, त्यावरही फुंकर घालतात. पैसे कोणी मागत नाही. एखादी पाच रुपये ठेवते, एखादी घरच्या चार शेवग्याच्या शेंगा ठेवते. हा सगळा कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपतो आणि बाया स्वयंपाकाला परत जातात. डॉक्टरकडे जायचे ते जातातच, त्याच्या आड हे येत नाही.

जमातीतल्या तरुण मुलांचे म्हणणे असे आहे की हे काम दर्ग्याचे आहे, मशिदीचे नव्हे, आणि बदललेल्या दिवसांत मशिदीला भिंत व फाटक असणे शहाणपणाचे आहे. दुसरा मुद्दा मला सहजी खोडता येत नाही. म्हणून या चर्चामंचावर विचारतो : आपापल्या गावची मशीद नमाजखेरीज गावासाठी नेमके काय करते, आणि त्यातले नवीन बांधकामात काय टिकले, काय गेले? कृपया स्वतः पाहिलेले लिहावे.

बालाघाट

आपण कृष्णाकाठचे आहात म्हणून आधी एक ऋण मान्य करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने जे पाणी आले ते मिरजेहून, म्हणजे आपल्याच बाजूने आले होते. पण रेल्वेचे पाणी शहराला मिळाले. आमच्या वाडीला त्या उन्हाळ्यात मशिदीच्या बोअरने तारले. गावातल्या हातपंपांनी मार्चमध्येच माना टाकल्या होत्या. पहाटेच्या नमाजनंतर तासभर मोटर चालवायची आणि नळी भिंतीबाहेर सोडायची, असे जमातीने ठरवले. घागरींची रांग मारुतीच्या पारापर्यंत जाई. नमाजी लोकांनी वजूसाठी (नमाजआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी) नळ न वापरता एकेक लोटा पाणी घ्यायचे, असा नियम त्या वेळी झाला आणि तो पुढे पाऊस पडल्यावरही बरेच दिवस कोणी मोडला नाही.

दुसरे काम वेळेचे. माझे वडील वारकरी होते आणि घरात घड्याळ असूनही ते बांगेवर चालत. पहिल्या बांगेला धार काढायची, दुपारच्या बांगेला औत सोडायचे, असे त्यांचे गणित होते. ही केवळ आमच्याच घरची गंमत असावी असे मला वाटे. परंतु २०२२ मध्ये भोंग्यांचा वाद राज्यभर पेटलेला असताना जालना जिल्ह्यातील ढासला-पीरवाडी या गावाच्या ग्रामसभेने मशिदीचा भोंगा काढू नये असा ठराव केला, आणि त्यामागचे कारण थेट हेच दिले : सकाळच्या अजानीला गाव कामाला लागते, दुपारच्या अजानीला जेवायला सुटते, सायंकाळी पाचच्या सुमारास अजान झाली की कामे आटोपती घेते. ठरावात सलोख्याचे मोठे शब्द वापरण्याऐवजी मजुरांच्या सुट्टीची वेळ आली, हे मला फार आवडले.

नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात भोंगा लावता येत नाही, त्यामुळे पहाटेची बांग आता आमच्याकडे भोंग्याविना होते. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला आणि परीक्षेच्या मुलाला झोप हवीच. तरीही पहाटेच्या बांगेवर धार काढणारी पिढी दोन-चार महिने गडबडली होती, हेही खरे.

सातबारा

महसूल खात्यात तलाठी म्हणून नोकरी केली असल्याने मी कागदाच्या बाजूने लिहितो.

मशीद गावगाड्याच्या बाहेरची वस्तू आहे, असा समज हल्ली पसरला आहे. दप्तर काही वेगळे सांगते. दख्खनच्या गावात मुलाणी हा गावाचाच सेवेकरी होता. काही याद्यांत तो बलुतेदारांत येतो, काहींत अलुतेदारांत. मशिदीची आणि पिराची दिवाबत्ती पाहणे, निकाह लावणे, मयतीचे विधी करणे ही त्याची आपल्या समाजापुरती कामे होती. परंतु जत्रेत किंवा घरच्या देवकार्यात बकरे हलाल करण्यासाठी मराठ्यांच्या घरीही त्यालाच बोलावणे जाई, आणि साताऱ्या-सांगलीकडच्या पुष्कळ गावांत आजही जाते. त्याबद्दल खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा ठरलेला असे. म्हणजे मशिदीत दिवा लावणाऱ्या माणसाचे पोट साऱ्या गावाच्या धान्यावर भरत होते. ही व्यवस्था आदिलशाहीबरोबर संपली नाही. मुसलमानांच्या पीर-मशिदींची दिवाबत्ती शिवाजी महाराजांनी स्थान पाहून चालू ठेवली, अशी नोंद सभासदाने आपल्या बखरीत केली आहे.

रोख पैशाची मजुरी आली आणि बलुते सुटले, पण दिवाबत्तीची जमीन अनेक ठिकाणी राहिली. सातबाऱ्यावर ती 'देवस्थान इनाम वर्ग ३' अशा नोंदीने सापडते. ती मुलाण्याच्या वहिवाटीत असली तरी त्याच्या मालकीची नसते आणि परवानगीवाचून विकता येत नाही. मराठवाड्यात निजामी राज्य असल्याने तेथे हाच प्रकार 'खिदमतमाश' या नावाने भेटतो. या जमिनींचे उत्पन्न मशिदीला किती पोहोचते आणि वहिवाटदाराच्या घरी किती राहते, हा गावोगावच्या भांडणांचा जुना विषय आहे. त्यात मी शिरत नाही.

कृष्णाकाठ यांना माझा सल्ला असा की भिंतीचा वाद घालण्याआधी कट्टा कोणाच्या हद्दीत आहे हे पाहावे. पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच मशिदी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदल्या गेल्या आणि पुढे वक्फ मंडळाकडे आल्या. जुना शेड्यूल वनचा, म्हणजे त्या नोंदवहीचा, उतारा काढा, त्यात चतुःसीमा (चारी बाजूंच्या हद्दी) असतील. कट्टा गावठाणाच्या रस्त्यात निघाला, तर त्यावर भिंत बांधण्याचा प्रश्नच उरत नाही.

तिरका_सवाल

धागा चांगला चालला आहे, म्हणूनच एक खडा टाकतो. दरवर्षी गणेशोत्सवात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीची बातमी येते, कारण तेथे १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. कुरुंदवाडच्या मशिदींतल्या गणपतींचीही येते. फोटो छापतात, आपण सारे भरून पावतो. पण उरलेल्या साडेतीनशे दिवसांत त्या मशिदीच्या दारात कोण बसते, हे कोणी विचारत नाही. आणि जेथे असे फोटो निघत नाहीत, तेथे सलोखा नाही असे थोडेच आहे?

कृष्णाकाठ

सवाल तिरका असला तरी रास्त आहे. गोटखिंडी आमच्यापासून फार लांब नाही. तेथे हे कोणाच्या संकल्पातून सुरू झाले नव्हते, हे मात्र लक्षात घ्यावे. पाऊस आला, मूर्ती भिजू लागली, जवळचे छप्पर मशिदीचे होते, म्हणून मूर्ती आत नेली. मशिदीला ओसरी होती आणि तिचे दार बंद नव्हते, यावरच सारे घडले. भिंत आणि कुलूपबंद फाटक असते तर मूर्ती दुसरीकडे कोठे तरी नेली असती आणि बातमीही झाली नसती. माझी चिंता नेमकी हीच आहे.

सड्यावरून

कोकणात चित्र बरेच वेगळे आहे. आमच्याकडे मोहल्लाच्या मोहल्ला मुसलमानांचा असतो, म्हणून मशीद ही गावापेक्षा जमातीची संस्था जास्त आहे. निकाहाची नोंद जमातीच्या वहीत होते, भाऊबंदकीचा तंटा आधी जमातीपुढे येतो, आणि लग्नाच्या देगी, पराती, सतरंज्या जमातीच्या मालकीच्या असून नाममात्र भाड्याने मिळतात. देगीच्या कडेवर जमातीचे नाव ठोकून कोरलेले असते, कारण देगी परत येतात, झाकणे येत नाहीत. मशीद बांधायला पैसा गावातून थोडाच निघतो. तो पूर्वी जहाजांवरून आणि आफ्रिकेतून आला, मुंबईतल्या मंडळाकडून आला, नंतर कुवेत-दुबईहून आला. त्यामुळे ज्याने पैसा पाठवला त्याचा शब्द मोठा होतो, आणि वर्षातून पंधरा दिवस गावात राहणारा माणूस मिनाराची उंची ठरवतो. या कारणाने एका गावात दोन जमाती झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या वेळी सोयरिकी तुटल्या आहेत. सारेच गोड आहे असे कोणी समजू नये.

पण मयतीच्या वेळी जमात काय असते ते सांगितलेच पाहिजे. भोंग्यावरून नाव पुकारले की तासाभरात कोणालाही न सांगता कामे वाटली जातात. मशिदीच्या पडवीत जनाजा आणि आंघोळ घालण्याची फळी कायम तयार असते. पाच-सहा पोरे कुदळी घेऊन कबरस्तानात जातात. आमच्याकडे दोन हातांवर जांभा लागतो. पावसाळ्यात कबर खणताना खालून पाणी फुटते आणि एक जण बादलीने ते उपसत उभा राहतो. मयत कोणाची आहे, त्याने वर्गणी दिली होती की नाही, हे त्या वेळी पाहत नाहीत. माझ्या आजोबांचे जमातीशी बारा वर्षे बोलणे नव्हते. त्यांची कबर खणायला सर्वांत आधी आला तो ज्याच्याशी त्यांचा दावा चालू होता, त्याचाच मुलगा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या पंचक्रोशीतले एकही छप्पर धड राहिले नाही. मशिदीला स्लॅब होता. त्या रात्री खालच्या कुणबीवाडीतली आणि बौद्धवाडीतली माणसे मशिदीच्या पडवीत झोपली, आणि पुढचा महिनाभर शिधा, ताडपत्र्या व मेणबत्त्या तेथेच ठेवून वाटल्या गेल्या. स्लॅबला नावे ठेवू नका, एवढेच कृष्णाकाठ यांना सांगणे आहे. भिंतीचे मात्र पाहा.

नवा_आराखडा

मी कृष्णाकाठ सरांच्याच गावचा आहे आणि ज्या तरुणांचा त्यांनी उल्लेख केला त्यांतला एक आहे. सरांनी मला चौथीत शिकवले आहे, म्हणून आदर राखून लिहितो.

आम्हांला गावापासून तुटायचे आहे, असा अर्थ कृपया काढू नये. आमच्या मशिदीत पूर्वी मोहरमचे पंजे (हाताच्या आकाराची धातूची निशाणे) बसत. वर्षभर ते पेटीत असत आणि चांद दिसला की मेहराबाजवळ उभे राहत. गावातले मराठा मुलगे नवसाचे फकीर होत, गळ्यात लाल धागा बांधत, कत्तलच्या रात्री (मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री) पेटत्या खाईभोवती करबल हा नाच खेळला जाई, घरोघरचे चोंगे आणि मलिदा येई. हे सर्व मीही पाहिले आहे आणि चोंग्यांची चव मला अजून आठवते. परंतु नमाजच्या जागी नवस, ऊद, मोरचेल हे आम्हांला पटत नाही, आणि आपल्या प्रार्थनास्थळात काय असावे हे ठरवण्याचा हक्क भाविकांना असतो. विठ्ठलाच्या देवळात काय चालावे हे आम्ही सांगत नाही. पंजे आम्ही फेकून दिले नाहीत. चावडीशेजारी पत्र्याची खोली बांधून सन्मानाने तेथे नेले, आणि त्या खोलीला आमच्यातल्या चौघांनी पैसे दिले.

भिंतीचे कारण मात्र श्रद्धेचे नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातून मिरवणूक आली तेव्हा मशिदीसमोर काय घोषणा झाल्या आणि कट्ट्यावर कोण चढून नाचले, हे सरांना ठाऊक आहे. त्या रात्री आत सात वर्षांची मुले मक्तबला (कुराणाच्या शिकवणीला) बसली होती. बाहेरगावची माणसे ओसरीला ओळखत नाहीत, सर.

माहेरवाशीण

इतका वेळ केवळ पुरुष लिहीत आहेत, ते स्वाभाविकच आहे, कारण विषय मशिदीचा आहे. मी मुसलमान आहे, वय त्रेपन्न, माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातले. मी कोणतीही मशीद आतून पाहिलेली नाही. बायकांनी मशिदीत नमाज पढण्यास मनाई नाही, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले आहे. चांगले झाले. पण आमच्या मशिदीत वेगळा दरवाजा नाही, वजूची वेगळी जागा नाही, आणि ती हवी असे म्हणायला बैठकीत बायका नाहीत.

मला मशीद ठाऊक आहे ती कट्ट्यापुरती. लहानपणी अब्बांना डबा द्यायला जात असे तेव्हा तेथे बसत असे. आमचे पेशइमाम बिहारचे होते, वयाने विशीतले, मराठी अजिबात येत नसे. गावातल्या घरांवर त्यांच्या जेवणाची बारी लावलेली होती आणि आमची बारी मंगळवारी येई. आई त्या दिवशी तिखट कमी घालत असे, कारण पहिल्या आठवड्यात आमची आमटी खाऊन ते रडवेले झाले होते. वर्षभरात ते ठेचा मागून खाऊ लागले आणि 'कसं काय ताई' म्हणू लागले. माझा धाकटा भाऊ आणि शेजारची सुताराची मुलगी या दोघांना घेऊन मी कट्ट्यावर फुंकरीसाठी उभी राहिले आहे. त्या मुलीची आई शेतात गेलेली असे, म्हणून ती मुलगी माझ्याकडे असे.

जेथे आमच्यासारख्यांना पाय ठेवता येतो असा मशिदीचा तेवढाच भाग आहे. तो पाडण्याचे आपण ठरवीत असाल, तर आत आमच्यासाठी जागा काढण्याचेही त्याच बैठकीत ठरवावे. कट्टाही नाही आणि आतही नाही, असे करू नये.

तिरका_सवाल

माहेरवाशीण यांच्या पोस्टनंतर माझा खडा मी परत उचलून घेतो.

बालाघाट

नवा_आराखडा यांच्याशी मी पंजांबाबत सहमत नाही, पण त्यांचे म्हणणे नीट मांडले गेले हे मान्य करतो. एक वेगळी गोष्ट नोंदवतो. चंद्राचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे मोहरम आणि गणेशोत्सव साधारण तेहतीस वर्षांनी काही काळ एकत्र येतात. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे तसे झाले, आणि त्यांतले शेवटचे टाळेबंदीत गेले. पुढचा मेळ येईल तेव्हा २०५० उजाडलेले असेल. त्या वेळी पंजे कोठे असतील आणि गणपती कोठे असेल, हे तुमच्या आजच्या आराखड्यावर ठरणार आहे. म्हणून भिंत विटेची बांधण्यापूर्वी वर्षभर तारेचे कुंपण घालून पाहावे, अशी माझी सूचना आहे. कुंपण काढता येते.

सातबारा

तारेच्या कुंपणालाही हद्द लागतेच. उतारा काढला का?

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. उतारा काढला. चतुःसीमेत पूर्वेला 'सरकारी रस्ता' एवढेच लिहिले आहे, आणि मोजणी झाल्यावर कट्टा अर्धा मशिदीच्या व अर्धा रस्त्याच्या हद्दीत निघाला. सातबारा यांचे आभार मानतो, कारण त्यामुळे बैठकीत आवाज चढण्याआधीच टेप मध्ये आली.

शुक्रवारी जुम्म्यानंतर बैठक झाली. माहेरवाशीण यांचा मजकूर मी छापून नेला होता आणि नवा_आराखडा यांनाच वाचायला सांगितला. त्यांनी तो पूर्ण वाचला. मंगळवारच्या बारीपाशी त्यांचा आवाज जरा अडखळला, कारण आमचे आताचे इमामही बिहारमधल्या पूर्णियाचे आहेत आणि मंगळवारी त्यांच्याच घरी जेवतात. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ठरले ते असे. भिंत होईल, पण कट्ट्याच्या मागून, चार फूट आत. फाटक रात्री दहाला बंद होईल आणि पहाटे उघडेल. नळ बाहेरच राहील आणि त्याचे बिल पूर्वीप्रमाणे जमात भरेल. उत्तरेच्या बाजूला बायकांसाठी खोली आणि वजूची जागा आराखड्यात घातली आहे. तिला किती पैसे कमी पडतात हे मी वहीत मांडले आहे आणि आकडा लहान नाही. फुंकरीबद्दल ठराव झाला नाही, कोणी मांडलाही नाही.

सध्या मशीद उतरवण्याचे काम चालू आहे. कौले मोजून ग्रामपंचायतीच्या गोडाऊनमध्ये ठेवली आहेत. नमाज शाळेच्या जुन्या खोलीत होते, आणि सायंकाळी बाया शाळेच्या पायरीवर येऊन थांबतात. काल पाऊस होता, तरी तिघी आल्या होत्या.